रमाबाईंचा भरवसा

पुण्याहून सोलापूरच्या रुळाने निघाले म्हणजे दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस बेताचा, आणि तोही भरवशाचा नव्हे. या गावाजवळच्या माळावर पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे काढली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

आपल्या व्याख्यानमालांतून रमाबाईंचे नाव पुष्कळदा निघते. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरविलेली तरुणी आपल्याला ठाऊक असते. शारदासदनाचा वाद आणि त्यावरील केसरीतली टीका ठाऊक असते. केडगावच्या बाईंची ओळख मात्र जुजबीच. कारण उघड आहे. विद्वत्ता आणि समाजसुधारणा हे आपल्या सर्वांचे विषय. केडगावला आल्यावर बाई उठताबसता ख्रिस्ताचे नाव घेऊ लागतात आणि आपण थोडे अवघडून बसतो. चरित्रकारही अशा वेळी 'त्यांची श्रद्धा अढळ होती' असे एक वाक्य लिहून संस्थेच्या इमारतींकडे वळतात. आज मला त्या एका वाक्यापाशीच थांबायचे आहे.

आई, वडील, थोरली बहीण, भाऊ, नवरा, आणि शेवटी एकुलती एक मुलगी, इतकी माणसे या बाईने गमावली. नवरा गेला तेव्हा त्यांचे वय चोवीसही नव्हते. या सगळ्यातून आपण कशाच्या बळावर उभ्या राहिलो याचे उत्तर त्यांनी स्वतः अनेक वेळा दिले आहे: देव जवळ होता. देव आहे की नाही याचा निकाल इतिहासाने द्यायचा नसतो. पण देव जवळ आहे म्हणजे नेमके काय, असे एका माणसाला वाटत होते, आणि तसे वाटले म्हणून त्याने काय केले, हा प्रश्न मात्र इतिहासाचाच आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे व्युत्पन्न, आणि बायकोला संस्कृत शिकविण्याच्या हट्टापायी ज्ञातीचा रोष पत्करून रानात राहिलेले. आई लक्ष्मीबाई, तिने मुलीला पहाटेच्या वेळी संस्कृत शिकविले. पुढे कुटुंबाने पुराणिकाचा पेशा धरला आणि तीर्थांमागून तीर्थे पायी फिरू लागले. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले. एखादे दिवशी देव प्रसन्न होईल, दर्शन देईल, गेलेले धन परत मिळेल, अशी घरातल्या सर्वांची पक्की समजूत होती. मग मद्रास इलाख्यावर १८७० नंतरच्या दशकातला तो भयंकर दुष्काळ कोसळला.

या दिवसांची हकीकत रमाबाईंनी दोनदा सांगितली आहे. एकदा १८९७ च्या दुष्काळाच्या वेळी आणि एकदा १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत. दोन्ही ठिकाणी भाषा अगदी साधी आहे. दागिने विकले, भांडी विकली, वस्त्रे विकली. मोलमजुरी करावी तर शास्त्र्याच्या घरातल्या कोणाला ती ठाऊक नाही. भीक मागावी तर कुळाचा अभिमान आड येतो. हा अभिमान बाईंनी पुढे स्वतःच निष्ठुरपणे तपासला आहे. शेवटी निदान मरण तरी कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून सगळे कुटुंब तिरुपतीच्या बाजूच्या रानात शिरले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांची दृष्टी गेलेली. त्यांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घेण्याचे ठरविले आणि एकेका मुलाला निरोप दिला. धाकट्या रमेला मिठीत घेऊन त्यांनी सांगितले, की तुला मी देवाच्या हाती दिले आहे. तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. मग श्रीनिवास पुढे झाला. कुळाचा अभिमान सोडतो, मजुरी करतो, पण हे करू नका, असे तो म्हणाला. जलसमाधी टळली. मरण मात्र टळले नाही. वडील थोड्याच दिवसांत गेले.

आई आजारी पडली तेव्हाचा प्रसंग मला या सर्वांत जड वाटतो. आईला भाकरीचा तुकडा हवा होता. रमा शेजारच्या एका ब्राह्मणाच्या घरी मागायला गेली, आणि तोंडातून शब्द फुटेना. जन्मात कधी मागितले नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहू लागले तेव्हा घरातल्या बाईने काय ते ओळखून बाजरीची भाकरी दिली. ती घेऊन मुलगी धावत आली. पण आईला आता ती गिळण्याचीही शक्ती राहिली नव्हती. आईमागून बहीणही गेली.

उरलेली दोन भावंडे उत्तरेकडे चालत निघाली. काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी एका रात्री अंगावर पांघरूण नाही, थंडी सोसवत नाही, म्हणून दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत निजली आणि वरून वाळू ओढून घेतली. उपासतापास चालूच होते, तीर्थे चालूच होती, पण देव काही भेटला नाही, आणि हळूहळू दोघांचाही विश्वास उडाला. १८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली तेव्हा रमाबाईंच्या जिभेवर हजारो श्लोक होते. मनात, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, काही उरले नव्हते.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या पूर्वीच्या देवाने आपल्याला फसविले, असा रमाबाईंच्या नंतरच्या लेखनाचा रोख आहे, आणि पुष्कळ मिशनरी पुस्तकांनी तो मोठ्या आनंदाने उचलला. मला तो एकांगी वाटतो. डोंगऱ्यांच्या घरात चालत होती ती फळाची अपेक्षा धरून केलेली काम्य उपासना. त्याच मराठी मुलखात, अडीचशे वर्षांपूर्वी, दुष्काळात अन्नावाचून पहिली बायको गमावलेल्या तुकोबांनी कसलेही फळ न मागता विठोबाचा पदर धरला होता. ती वाट रमाबाईंच्या वाटेवर लागलीच नाही. कानडी-तेलुगू मुलखात वाढलेल्या पुराणिकाच्या मुलीला ती लागावी कशी? असो.

१८८० साली ढाक्याला श्रीनिवास आजारी पडला. आपल्यामागे बहीण एकटी उरेल ही त्याची एकच चिंता होती. ती त्याने बोलून दाखविली तेव्हा रमाबाईंनी सांगितले, की तुला आणि मला देवावाचून पाहणारे दुसरे कोण आहे? यावर तो म्हणाला, की देव पाहात असेल तर मग मला कशाचीच भीती नाही. तो गेला. आणि बाई लिहितात, की त्या एकटेपणात देव आपल्याजवळ असल्यासारखे वाटले.

हा क्षण श्रोत्यांनी नीट ध्यानात ठेवावा अशी माझी विनंती आहे. या वेळी रमाबाई ख्रिस्ती नव्हत्या, ख्रिस्ती होण्याचा विचारही नव्हता. जुन्या उपासनेवरचा विश्वास गेलेला, नवा आलेला नाही. इतकी वर्षे ज्याच्यासाठी व्रते केली तो देव एकदाही आला नव्हता. आणि आता काहीही मागितलेले नसताना, काहीही मिळालेले नसताना, उलट उरलेसुरले एक माणूसही गेले असताना, कोणीतरी जवळ असल्याचे त्यांना जाणवले. दर्शन नाही, चमत्कार नाही, भाऊ उठून बसला नाही. त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा भरवसा याच जातीचा आहे, असे मला वाटते. देव संकट टाळतो म्हणून जवळ, असे त्यांनी पुन्हा कधी मानले नाही.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चरला घरी लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत हाती लागली, ती वाचली. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. तान्ही मुलगी घेऊन बाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि १८८३ साली वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. कानांनी बरोबर ऐकू येत नाही म्हणून वैद्यकी राहिली ती राहिलीच.

वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच, त्याच वर्षी, आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या धर्माच्या घरात घडलेल्या या घटनेचा घाव किती खोल गेला असेल याची कल्पनाच करावी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात लोकांना वाटले की बाई पाद्र्यांच्या हाती सापडल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना मात्र थोड्याच दिवसांत उलटाच अनुभव येऊ लागला! त्या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला आहे. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी तो जरूर वाचावा. बाप्तिस्मा घेऊन वर्ष-दोन वर्षे होत नाहीत तोच ही हिंदी स्त्री त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका घेते, पवित्र शास्त्रात नसलेले मतपत्र आपण का उच्चारावे असे विचारते, क्रुसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत म्हणते, मांसाहाराला नकार देते. एका पुरोहितवर्गाच्या कचाट्यातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचे जू आपण मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्वच्छ कळविले. विश्वासाने माणूस आंधळा होतो असे ज्यांना वाटते त्यांनी ही पत्रे डोळ्यांखालून घालावीत. देव जवळ आहे याची खात्री असल्यामुळेच बिशपाला उलट उत्तर देण्याचे बळ या बाईला आले होते.

अमेरिकेहून मदत घेऊन त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. धर्मशिक्षण द्यायचे नाही असा करार होता. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. यावरून जे काहूर उठले त्यात १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी वाचले आहे. करारातले अक्षर पाळले गेले, पण दार मुद्दामच उघडे होते, याविषयी मला शंका वाटत नाही. आणि दार लावून प्रार्थना करण्याची सक्ती कोणत्या न्यायाने करावी, याचेही उत्तर मला सुचत नाही.

या वादळाच्या थोडे आधी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या मनात एक पालट घडला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त आपल्याला मिळालेला नाही, असे त्यांना वाटू लागले. आठ वर्षे धर्म जवळ होता, देव नव्हता, असा त्याचा अर्थ. ढाक्याच्या त्या रात्रीनंतर वाद, अभ्यास, प्रवास, संस्था यांच्या धबडग्यात हरवलेली वस्तू त्यांना परत सापडली, असे मी समजतो. त्यांच्या नजरेत तो एक नवा जन्म होता. ख्रिस्ती मंडळींत त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. कारण या पालटानंतर बाई ध्यानाला बसल्या नाहीत. त्यांनी जमीन घेतली.

अमेरिकेतल्या मित्रांच्या पैशाने केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती ती फळबाग करून सदनाचा खर्च भागवावा म्हणून. इतक्यात १८९६ साली मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. बाईंच्या डोळ्यांपुढे तिरुपतीचे रान उभे राहिले. त्या सांगतात, की प्रथम आपण जायचेच टाळीत होतो. पैसा नाही, माणसे नाहीत, पुण्यात वैर आहे. पण वीस वर्षांपूर्वी उपाशी मरणाऱ्या मुलीला वाचविले ते कशासाठी, हा प्रश्न पाठ सोडीना. शेवटी गेल्या. निदान तीनशे मुली आणायच्या असा त्यांनी मनाशी निश्चय केला.

सरकारी अन्नछत्रांचे त्यांनी केलेले वर्णन वाचवत नाही. तेथले मुकादम तरुण मुलींशी कसे वागतात हे त्यांनी झाकून ठेवले नाही. आणलेल्या मुलींच्या अंगावर जखमा, केसांत उवा, पोटात खळगा. अन्न दिसले की झडप घालावी, उशाशी भाकरीचे तुकडे लपवून ठेवावेत. त्यांना न्हाऊ घालणे, त्यांची घाण काढणे, हे काम सदनातल्या शिकलेल्या विधवांनी केले. त्यात पुण्यास प्लेग सुरू झाला. नव्या मुली शहरात ठेवायला मनाई झाली. तेव्हा केडगावच्या मोकळ्या माळावर तंबू आणि गवताची छपरे उभारून हा सारा पसारा तेथे नेला. मुक्तिसदन ते हे असे उभे राहिले.

प्लेगच्या त्या उन्हाळ्यात बाईंनी आणखी एक गोष्ट केली, तिची आठवण पुण्यात तरी राहायला हवी होती. प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीची झालेली दुर्दशा त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात लिहून सरकारवर उघड ठपका ठेवला. गव्हर्नराने तो नाकारला. बाईंनी मागे घेतला नाही. केसरीही त्याच सुमारास प्लेग अधिकाऱ्यांवर कोरडे ओढीत होता. चार वर्षांपूर्वीचे दोन वैरी एकाच बाजूला उभे होते, आणि हे दोघांपैकी कोणी बोलून दाखविल्याचे माझ्या वाचनात नाही.

मग १९०० साली गुजराथचा छप्पनिया दुष्काळ. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना अन्न कोठून येई? बाईंचे उत्तर ठरलेले: देव देतो. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर कोणापाशी पैसा न मागता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवीत, त्यांचा कित्ता बाईंनी गिरविला. इतिहासकाराने येथे नोंद करावी, की देणग्या इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथून येत होत्या, आणि 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचे पत्रक छापून बाई आपली हकीकत त्या लोकांपर्यंत पोचवीतही होत्या. यात मला लबाडी दिसत नाही. भरवसा देवावर आणि हिशेब वहीत, अशी त्यांची विभागणी होती. त्यांनी विहिरी खणल्या, झाडे लावली, हातमाग बसविले, घाणा घातला, गाई ठेवल्या, छापखाना काढला. आंधळ्या बायकांना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकविले. पापमार्गाला लागलेल्या म्हणून कोणी उंबऱ्याशी उभे करीत नव्हते अशा बायकांसाठी कृपासदन निघाले. देवाचे सान्निध्य म्हणजे काय याची व्याख्या बाईंना विचारली असती तर त्यांनी बहुधा विहिरीकडे बोट दाखविले असते.

पण एक प्रश्न टाळून चालणार नाही. मरणाच्या दारातून आणलेल्या या मुलींना ख्रिस्ती करण्यात आले. बाप्तिस्मे झाले, तेही मोठ्या संख्येने. शारदासदनात ज्या तटस्थतेचे वचन होते ते मुक्तीत नव्हतेच. ही संस्था उघड ख्रिस्ती होती. ज्या मुलीच्या हातात बाईंनी पहिली भाकरी ठेवली, तिला बाईंचा देव नाकारण्याचे स्वातंत्र्य कितीसे होते? वाँटेजला स्वतःच्या विवेकासाठी इतक्या हट्टाने भांडलेल्या रमाबाईंना हा प्रश्न सुचू नये याचे मला वाईट वाटते. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की त्या भाकरी देऊन थांबल्या नाहीत. लिहिणे-वाचणे शिकविले, हातात धंदा दिला. आणि ज्यांनी या मुलींच्या धर्मांतरावर शोक केला त्यांतले फारच थोडे त्यांना आणायला मध्य प्रांतात गेले होते. हे उत्तर पुरे नाही. पण ते खोटेही नाही.

आणखी एक गोष्ट. आणलेल्या सगळ्या मुली जगल्या नाहीत. उपासमारीने पोखरलेली शरीरे औषधपाणी करूनही सावरत नसत. मुक्तीच्या आवारात मरणे नित्याची झाली होती. एवढ्या प्रार्थना होऊनही मुली मरतातच, हे बाई रोज पाहात होत्या. अनंतशास्त्र्यांच्या घरचा देव अशा वेळी खोटा ठरला होता. केडगावचा देव खोटा ठरला नाही, याचे कारण त्याच्याकडून बाईंनी मरण टाळण्याचा करार करून घेतलेलाच नव्हता.

१९०५ साली मुक्तीत मोठे धार्मिक उत्थान झाले. शेकडो मुली तासन्‌तास रडत, ओरडत, प्रार्थना करीत. जगभरचे ख्रिस्ती इतिहासकार त्यावर भर देतात. मला त्यात फारशी गती नाही, म्हणून तो भाग जाणकारांवर सोडतो. त्याच सुमारास बाईंनी हाती घेतलेले दुसरे काम मला अधिक जवळचे वाटते. ते म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर.

रूढ भाषांतर खेड्यातल्या बाईला समजत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यात संस्कृत शब्द फार, आणि त्या शब्दांबरोबर जुने तत्त्वज्ञानही नकळत आत येते, असे त्यांचे मत. ज्या बाईने पंडितांच्या सभा संस्कृताच्या बळावर जिंकल्या तिनेच संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढावेत! त्यासाठी पन्नाशीला टेकलेल्या वयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कान जवळजवळ गेलेले. सकाळी मुक्तीची व्यवस्था, मग भाषांतर, मग मुद्रिते. ही भाषा सर्वांना मानवली असे नाही. मंडळ्यांतून बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. मूळ शब्दाशी इतके चिकटून राहिल्याने बाईंची वाक्ये कधीकधी अडखळतात, हेही खरे. पण ईयोबाची कैफियत आणि दाविदाची स्तोत्रे अशा बाईने मराठीत आणली, जिच्या स्वतःच्या कैफियतीला कमी काही नव्हते. आणि ती कोणासाठी आणली, तर दळता-कांडता ज्यांना ती म्हणता यावीत अशा बायकांसाठी.

सर्व भार आता मनोरमाबाईंनी उचलायचा असे ठरले होते. त्या इंग्लंड-अमेरिकेत शिकून आईच्या हाताखाली काम करीत होत्या. मुक्तीच्या पुढच्या चालक त्याच. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेस हृदयविकाराने त्या वारल्या. वय अवघे चाळीस. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या.

वाळूतल्या खड्ड्यात भावाशेजारी निजलेल्या त्या मुलीला या वेळी काय वाटले असेल? मनोरमेच्या मागे आई अवघे साडेआठ महिने जगली. त्या महिन्यांत रमाबाईंनी संस्थेची घडी नव्या माणसांच्या हाती सोपविली आणि भाषांतराचे राहिलेले काम पुढे चालविले. शेवटच्या आजारात, मुद्रिते पुरी होईपर्यंत दहा दिवस दे, अशी प्रार्थना त्यांनी केल्याचे मुक्तीत सांगतात. आणि ती तपासून झाल्यावरच त्या गेल्या, असेही सांगतात. सांगणाऱ्यांच्या प्रेमाने दिवसांची गणती थोडी सरळ केली असेल. मागणे मात्र त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे. लेक परत मागितली नाही, आयुष्य मागितले नाही. काम संपेपर्यंतची मुदत तेवढी मागितली.

संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले. खिळे जुळविण्याचे आणि छापण्याचे काम तेथल्या बायकांनीच केले होते.